ताईला रेफर केलं

नागपूरहून निघालेल्या गाडीने काटोल, नरखेड मागे टाकलं आणि दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. पांढुर्ण्याला उतरले. मध्य प्रदेशात आल्याचं फक्त हिंदी पाट्यांवरून कळत होतं. कानावर मराठीच पडत होती, आमच्या नाशिककडच्या मराठीहून ऐसपैस.

भाचा विनोद इथेच नोकरीला. तो गाडी घेऊन स्टेशनवर आला होता. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, सौंसरला आजारी होती.

"मावशी, डॉक्टरनं आईले रेफर केलं," माझी पिशवी उचलता उचलता तो म्हणाला आणि तिथेच रडायला लागला.

शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली मी. मला रागच आला. "अरे, रेफर करणं म्हणजे जास्त जाणणाऱ्याकडे पाठवणं. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

वाटेत जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला थांबलो. बाहेर चहावाल्याने विचारलं, "कोन बिमार हाय, भाऊ?" विनोद म्हणाला, "आई. नागपूरले रेफर केलं." त्या अनोळखी माणसाने देवळाच्या दिशेने हात जोडले. मी मनात म्हटलं, काय लोक आहेत!

सौंसरला पोहोचले तर दारात चपलाच चपला. इकडची रीतच अशी, की माणसाला रेफर केलं की गाडी निघायच्या आत सगळी गल्ली शेवटचं भेटून जाते. येताना बायका डबे आणतात. मला पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) आग्रहाने वाढला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी मी दोन वाट्या खाल्ल्या. आत ताई पलंगावर बसून येईल तिच्या हातात काहीतरी ठेवत होती. कुणाला लोणच्याची बरणी, कुणाला शिवणाची कात्री. ते पाहून माझं डोकंच फिरलं.

"मले नाही जाचं नागपूरले," ताई मला म्हणाली. "तुह्या भाऊजीलेबी रेफरच केलं होतं. कसे वापस आले, तू पाह्यलं ना? मले माह्या पलंगावर राहू दे."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाची झडप बदलली तर आशा आहे. मी मोबाइलवर शब्दकोश उघडला आणि वर्गात वाचावा तसा तिला अर्थ वाचून दाखवला. "यात मरण कुठे लिहिलंय, दाखव मला!"

ती हसली. "तू शिकलेली हायेस बाई. तू म्हनतं त जातो."

लोधीखेड्यावरून आम्ही नागपूरकडे निघालो. वाटभर तिने माझा हात धरला होता. "औंदा संत्रा चांगला लागला," एवढंच ती बोलली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी ती गेली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, तुमच्या ताईंनी काहीतरी मागितलं, पण समजलं नाही. मी त्या वेळी खाली औषध आणायला गेले होते.

तेरवी (तेराव्याचा विधी) आटोपून मी सौंसरहून पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले. शेजारच्या म्हातारीने सहज चौकशी केली, "कोनाकडे आल्ता बाई?"

"बहिणीकडे."

"बरी हाय ना?"

झडप, ऑपरेशन, सगळं सांगायला मी तोंड उघडलं. पण म्हणाले एवढंच, "रेफर केलं होतं."

तिने हात जोडले. आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि मला खिडकीकडे सरकायला जागा दिली. पांढुर्णा येईपर्यंत मी रडत होते.

आता नाशिकला बसून हे लिहिते आहे. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. शब्दकोशातही चूक नव्हती. घरी ठेवलं असतं तरी ताई कदाचित गेलीच असती. पण आपल्या पलंगावर गेली असती, आणि तिने माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं.