सायकल स्टँडवरचा न्याय

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. काल थिएटरात नायकानं गुंडाची कॉलर धरली आणि शेजारचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ ओरडले, “हाण त्याला, सोडू नकोस!” मी पडद्यावरून नजर काढून घेतली.

कॉलेजात असताना असाच एक सिनेमा सुटल्यावर मी बाहेरच्या सायकल स्टँडवर माझ्यासारखीच सायकल काढणाऱ्या एका माणसाकडे बोट दाखवून ओरडलो होतो, “चोर! माझी सायकल!” सिनेमा अजून सगळ्यांच्या अंगात होता. पडद्यावरचा गुन्हेगार कोण, हे प्रेक्षकांनी स्वतः पाहिलेलं असतं. इथं ते फक्त मी सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर लोक त्याच्यावर तुटून पडले.

“अहो, माझीच आहे हो,” म्हणत तो मार खात राहिला. तेवढ्यात मला पलीकडच्या रांगेत माझी सायकल दिसली. मी गप्प राहिलो. तो खरं बोलत होता, हे चारचौघांत सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.