टेस्टला येताना बूट घालून या

आमच्या स्ट्रेस टेस्टच्या खोलीत किस्से शोधावे लागत नाहीत. छातीला वायरी लावून माणसाला ट्रेडमिलवर चालवलं की ईसीजीबरोबर त्याचा स्वभावही दिसायला लागतो! पूर्वी घरी जाऊन बायकोला सांगायचो, दोघं हसायचो. आता सांगत नाही.

*

गंगापूर रोडचा एक पोरगा. रोज धावणारा, तक्रार कसलीच नाही. कंपनीचं हेल्थ चेकअपचं पॅकेज होतं म्हणून आला. ट्रेडमिलवर चढून म्हणतो, "डॉक्टर, स्पीड वाढवा ना, रील चाललंय!"

*

कॉलेज रोडचे एक साहेब. त्यांनाही काही होत नव्हतं, टेस्ट केली ती हौसेनं. रिपोर्टमध्ये किंचित शंका निघाली. मग अँजिओग्राफी. ती एकदम स्वच्छ! पण झोप उडाली ती उडालीच. परवा येऊन म्हणाले, "डॉक्टर, ही टेस्ट माघारी घेता का?"

*

तिसऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. खिडकीतून बघतो तर गेटवर सिगारेट पेटवलेली! मी वरून ओरडलो. तो खालून म्हणाला, "सर, आत्ताच पास झालो ना!"

कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

*

मखमलाबादचे दामूअण्णा. फुलांचा मळा, माणूस धडधाकट. मुलानं पॅकेज घेऊन दिलंय, म्हणून दरवर्षी येतात. त्यांचे बूट पिशवीत घेऊन मागून त्यांच्या पत्नी यमुनाबाई. त्या अर्ध्या जिन्यातच छातीला हात लावून थांबलेल्या.

"मावशी, चढताना दुखतं?"

"आवळल्यावानी होतं. बसलं की थांबतं."

"अहो, ही टेस्ट तुमच्यासारख्यांसाठीच आहे! आजच करू."

"तिला काय झालंय?" अण्णा म्हणाले. "दिवसभर मळ्यात राबती."

"आन् माझ्याकडं बूट कुठं हायेत?" मावशी हसल्या. "दसऱ्याचा झेंडू निघू द्या, मंग येते."

मी अक्षरशः हात जोडले. "मंग माझीबी तवाच करू," म्हणत अण्णा उठले आणि दोघं रिक्षात बसून निघून गेले.

*

दसऱ्यानंतर यमुनाबाई आल्या. अण्णा फुलं घेऊन मार्केटला गेलेले, त्यामुळे एकट्याच. पायात अण्णांचे बूट, सैल होतात म्हणून पुढे चिंध्या कोंबलेल्या. अंग घामानं भिजलेलं.

"आज बसूनबी थांबंना. सकाळपासून हाय."

अशा माणसाला ट्रेडमिलवर चढवत नाहीत. टेस्टची वेळ निघून गेली होती. मी व्हीलचेअर मागवली, त्यांना लगेच इमर्जन्सीत न्यायला सांगितलं.

"बूट घालून आले, तरी नाय घ्येत?"

"आता नको, मावशी," मी म्हणालो.

खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी एकावर एक पाय घासून बूट काढले.

"हे ह्यांना द्या," म्हणाल्या. "ह्यांची या वर्षाची टेस्ट राहिलीया."