थोरल्या जाऊबाई सांगत तसं

बाहत्तरचा दुष्काळ सरला, त्या वर्षी लग्न होऊन मी वाईहून सांगलीला आले. थोरल्या जाऊबाईंचं कौतुक अख्खी आळी करायची. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आवाज कधी चढला नाही. अशा बाईवर अविश्वास कोण दाखवणार?

मलाही त्या कधी रागावल्या नाहीत. फक्त माझ्याबद्दल सांगत, सासूबाईंना, शेजारणींना, अगदी हळहळून. "पोर गुणी आहे हो, पण विसरते फार. काल स्टोव्ह पेटता ठेवून गच्चीवर गेली. मी होते म्हणून निभावलं."

स्टोव्ह मी विझवला होता. निदान मला तसं आठवत होतं. पण कधी दूध उतू जाई, कधी नळ वाहता सापडे, आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी तिथे त्याच हजर. शेवटी माझी अशी गत झाली, की कडी लावून निघाले तरी गल्लीच्या टोकावरून परत येऊन बघायचं. नवऱ्याला सांगावं, तर पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "वहिनी कशाला खोटं बोलेल?" ऐकून ऐकून कान किटले माझे.

उन्हाळ्यात आई भेटायला आली. चहा देताना जाऊबाई म्हणाल्या, "मावशी, हिला डॉक्टरांना दाखवा. रथसप्तमीला स्टोव्हवर पदर पेटायचाच राहिला हिचा."

आईनं कप खाली ठेवला. "रथसप्तमीला? तेव्हा ही वाईला माझ्याजवळ होती."

जाऊबाईंची पापणीही लवली नाही. "बघा ना, हिचं निस्तरता निस्तरता माझंच डोकं चालेनासं झालंय."

"बिचारी!" सासूबाई म्हणाल्या. त्यांना!

आईला एसटीत बसवून परतताना नवरा पुटपुटला, "रथसप्तमीनंतर मीच आलो होतो तुला आणायला."

"मग तिथे का नाही बोललात?"

"वहिनीला वाईट वाटलं असतं."

मी कपाळावर हात मारला. पण त्यांच्याही मनात ते सलत राहिलं असावं. दिवाळीच्या आत त्यांनी साताऱ्याला बदली मागून घेतली. निघताना जाऊबाईंनी माझी ओटी भरली, डोळे पुसले आणि दारात जमलेल्या बायकांना सांगितलं, "मीच भावजींच्या मागे लागले. म्हटलं, हिला जरा हवापालट होईल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, "चल गं, गाडी चुकेल."