महिनाअखेरीला भरलेलं बालपण

मुलगी झाली तेव्हा महाडच्या बाजारातून जाड पुठ्ठ्याची एक वही आणली आणि बायकोला सांगितलं, हिच्याबद्दल रोज एक ओळ लिहीन. बाळंतपणाने ती दमलेली होती, तरी हसली. पहिले अकरा दिवस मी खरंच लिहिलं.

नोकरी शेती खात्यातली, फिरतीची. मोटारसायकलवरून पोलादपूरकडच्या वाड्या हिंडायच्या, भात-नाचणी बघायची, आणि घरी महाडला पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. या नोकरीत रोज कुठे गेलो, काय केलं याची दैनंदिनी लिहून महिन्याच्या शेवटी साहेबांना द्यावी लागते. रोज लिहायची, असा नियम आहे. मी ती शेवटच्या दिवशी एका बैठकीत भरायचो. आठवेल ते लिहायचं. नाही आठवलं तर बऱ्याच दिवसांत न गेलेलं एखादं गाव टाकून द्यायचं.

हात त्याला इतका सरावला की मुलीची वहीही मी तशीच भरू लागलो. वर मधे मधे पेन बदलायचो, सगळं एकाच दिवशी लिहिलंय हे कळू नये म्हणून. भाषाही तीच: ‘आज मुलीस दुसरा दात आला. प्रकृती समाधानकारक.’

मुलगी आता पाचवीत आहे. मागच्या वर्षी तिला ती वही कपाटात सापडली आणि तिने ती डोक्यावर घेतली. आपले बाबा रोज आपल्याबद्दल लिहायचे, हे तिने वर्गात सगळ्यांना सांगितलं. घरी आलेल्यांनाही ती सांगत असे तेव्हा मी पेपर वाचत असे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सासूबाईंच्या वाडीवर गेलो. मुलीने वही बरोबर घेतली होती. दुपारची जेवणं झाल्यावर ती पडवीत आजीला वाचून दाखवायला बसली. आजी तांदूळ निवडत होत्या. मुलीने तिचं सगळ्यात आवडतं पान काढलं: ‘आज मुलगी प्रथमच चालली. पाच पावले, देवघराच्या दिशेने. मी समोर हात पसरून बसलो होतो.’

आजींनी मान वर केली नाही. “देवघर? नाय गो. तू चाललीस ती हितं, माज्या खळ्यात. मे म्हयन्यात सुकं बोंबील वाळत घातलं व्हतं, ते उचलाया. आन तुजा बापूस तवा हितं नव्हता.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, आजीला आता नीट आठवत नाही, बाळा.

कोणत्या शेतात कोणत्या साली किती भात झालं हे त्या अजून सांगतात. पण जावयाचा मान राखून त्या सूप पुढे ओढून खाली बघून निवडत राहिल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं. बायको दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, “सांगा आता.”

“आजीचंच बरोबर आहे,” मी म्हणालो. “मी नव्हतो. ते मी नंतर लिहिलं. अंदाजाने.”

मुलगी पानं उलटत राहिली. मग तिने विचारलं, “म्हणजे हे सगळं खोटं?”

“सगळं नाही. दात आले होते.”

आधी सासूबाई हसल्या, मग बायको. मुलगी हसली नाही, पण तिने दप्तरातून पेन्सिल काढली आणि तपासणी सुरू केली. पहिले अकरा दिवस सहीसलामत सुटले. पुढे गोवर निघाल्याची नोंद चार महिन्यांनी सरकली. जावळ काढताना मुलगी शांत होती असं मी लिहिलं होतं. तिने न्हाव्याचा अंगठा चावला होता म्हणे. ‘पहिला शब्द: बाबा’ या ओळीवर बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती मी स्वतःच खोडली. चहा होईपर्यंत मुलगी इतकी रंगली होती की प्रत्येक चूक सापडली की आजीला टाळी देत होती. मीही त्यांच्याबरोबर हसत होतो, आणि माझ्या घरात एवढं काही घडून गेलं होतं हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

शेवटी ती पुन्हा चालण्याच्या पानावर आली. आजीने सांगितलेलं तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि माझे पसरलेले हात एका रेघेने काढून टाकले.

“मग त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?”

कोणती वाडी, कोणाचं शेत, मला काहीच आठवेना. तसं सांगितलं. तिने खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

“आठवलं की लिहा. पण अंदाजाने नको.”

परवा एका वाडीत जुन्या ओळखीच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, मुलगी वर्षाची असताना, मे महिन्यात, मी तुमच्याकडे आलो होतो का. ते बराच वेळ आठवत राहिले. “आलं आसाल, सायेब,” ते म्हणाले. “च्या पिऊन गेलं आसाल.”

मी ते लिहिलं नाही.