अजून एक सवारी

"जरा सरका ना, एक सवारी अजून येईल!" टेम्पोत बसल्या बसल्या बाई हे म्हणायच्या आणि शेजारणीच्या गुडघ्यावर हलकेच चापट मारायच्या.

त्या आमच्या शाळेत आया होत्या. आम्ही दोघंही किला गेटजवळ राहायचो आणि शाळेजवळच्या फूलबागेपर्यंत सवाऱ्या नेणाऱ्या एकाच टेम्पोनं यायचो. आठ जणांच्या जागेत त्या अकरावा माणूस कसा बसवत, हे मला गणिताचा मास्तर असूनही कधी उलगडलं नाही.

चौकसपणा तर विचारूच नका. सिग्नलला टेम्पो थांबला की मान बाहेर काढून शेजारच्या मोटारीत डोकावत. "सर, एवढ्या मोठ्या गाडीत हा एकटाच हो! बोलतो कुणाशी?" मी काही सांगेपर्यंत सिग्नल सुटायचा.

पुढे गर्दी होते म्हणून त्या रस्त्यावरचे टेम्पो बंद झाले. गर्दी हटली नाहीच. टेम्पोंच्या जागी मोटारी आल्या, त्यांतली एक माझी. बाई चालत येऊ लागल्या. गुडघे दुखायचे, उशीर व्हायचा. "आता उशीर झाला तर दुसरी आया बघू," असं मुख्याध्यापिकांनी त्यांना बजावलं. तेव्हा मी म्हटलं, "उद्यापासून माझ्या गाडीत या."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. सोबत स्वयंपाकाची कामं करणाऱ्या दोघी आणि मेथीचं गाठोडं घेतलेले एक आजोबा! पुढच्या सीटवरची माझी बॅग बाईंनी स्वतःच्या मांडीवर घेतली. वाटेत कुणाला उतरायचं असलं की त्या खिडकीतून हात काढून टपावर थाप मारत होत्या, आणि मीही मुकाट्यानं गाडी थांबवत होतो.

संध्याकाळी सीटवरचा चिखल पाहून माझं डोकं फिरलं. "उद्या एकट्याच या," मी सांगितलं.

"एकटी?" त्या नवलानं बघत राहिल्या. "ह्यांना पण तर पोचायचंय, सर."

त्या पुन्हा गाडीत बसल्या नाहीत. रस्त्यात दिसायच्या, चौघं मिळून चालताना. मी हॉर्न द्यायचो, त्या हसून हात हलवायच्या. महिन्याभरात शाळेत नवी आया आली. सीट धुता आली असती, हे मला फार उशिरा सुचलं आणि त्याची लाज अजून वाटते.

फूलबागेच्या सिग्नलला कधी शेजारच्या ई-रिक्षातून कुणीतरी माझ्या गाडीत डोकावतं. मी पुढच्या सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतो. ती जागा शाळेपर्यंत रिकामीच जाते.