रोमचा कारभार, मुक्काम कोल्हापूर

रोमचा कारभार कोल्हापुरातून चालतो, हे आमच्या घरमालकांच्या माडीवर भाड्यानं राहायला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मालक मूळचे आजऱ्याचे, धर्मानं कॅथलिक आणि पेशानं निवृत्त मास्तर. निवृत्त माणसाला जगाची काळजी वाहायला जेवढा वेळ मिळतो, तेवढा प्रत्यक्ष पोपनाही मिळत नसावा. मुंबईहून त्यांच्याकडे एक कॅथलिक साप्ताहिक यायचं. ते टपालानं इतक्या सावकाश यायचं की हाती पडेपर्यंत बातमीचा इतिहास झालेला असे. पण मालकांच्या लेखी अंक आला तोच दिवस खरा. एकदा पोप वारल्याचं रेडिओनं सांगितलं, तर मालक रेडिओवरच भडकले. "ह्याला काय कळतंय धर्मातलं? अंकात येऊ दे, मग बघू!" आणि अंक येईपर्यंत त्या बिचाऱ्या पोपच्या प्रकृतीसाठी त्यांनी रोज संध्याकाळी प्रार्थना चालू ठेवली.

अंक आला की कट्ट्यावर जाहीर वाचन व्हायचं. एक वाक्य छापील, चार वाक्यं पदरची. बिशपांचं पत्रक असो की संपादकांचा लेख, सुटका कुणाचीच नव्हती. "हितं बिशपांचं चुकलं की हो, पावणं!" असं ते मला अशा आवाजात सांगायचे, की बिशपांच्या वतीनं मीच माफी मागावी. कितीही वर्षं भाडं भरलं तरी मी पावणाच. पुस्तकपरीक्षणाची पद्धत तर त्याहून सोपी होती. संतचरित्राचं पहिलं आणि शेवटचं पान वाचून ते अभिप्राय देऊन मोकळे व्हायचे. मधल्या पानांची मी चौकशी केली, तर म्हणाले, "संत शेवटी मरणारच हाय की. मधी काय वाचायचं?"

या राजवटीला विरोधी पक्ष एकच, मालकीणबाई. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे त्या कान देऊन ऐकायच्या. "तुमचं ऱ्हाऊ द्या, कागदात काय लिवलंय तेवढंच सांगा," असं त्या आतून ओरडायच्या, आणि मग जे भांडण जुंपायचं त्यात पोप, बिशप आणि चुलीवरची आमटी सगळंच करपायचं.

पुढे रोममध्ये जगभरच्या बिशपांची परिषद झाली आणि चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत करायचं ठरलं. मालकांनी पेढे वाटले, जणू सूचना त्यांचीच होती. बायबलमधला पहिला मराठी शास्त्रपाठ वाचायचा मान फादरांनी त्यांना दिला. हा मान त्यांना जिवापाड हवा होता, आणि तो बायकोसाठी. "जन्मभर लॅटिनपुढं गुडघं टेकलंय तिनं," ते म्हणाले. "एक अक्षर कळलं न्हाय. आता माझ्या तोंडनं कळंल."

कौतुक बघायला मीही जाऊन मागच्या बाकावर बसलो. मालकांनी पहिलं वाक्य खणखणीत वाचलं. मग सवयीनं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "आता, ह्यांचं म्हणणं बरोबर हाय, पन कोल्हापुरात हे चालायचं न्हाय." पहिल्या बाकावरून मालकीणबाई कडाडल्या, "गप बसा, फुडं वाचा!" मालकांनी तिथूनच उलट उत्तर दिलं, आणि देवासमोर रीतसर भांडण जुंपलं. फादरांनी ग्रंथ काढून घेतला तेव्हा कुठे मिस्सा पुढे सरकली.

त्यानंतर मालकांना वाचायला कुणी बोलावलं नाही. दर रविवारी ते इस्त्रीचा कोट चढवून तयारीनं जायचे आणि दुसऱ्याचं वाचन ऐकून परतायचे. "एकडाव संधी द्या की, फादर," असं ते म्हणायचे. फादर हसायचे आणि पुढे जायचे.

संधी मिळाली ती मालकीणबाई गेल्या तेव्हा. अंत्यविधीचा पाठ मीच वाचणार, असा मालकांनी हट्ट धरला आणि फादरांना नाही म्हणवेना. शवपेटी समोर ठेवली होती. मालक उठून उभे राहिले तशी सगळ्या चर्चला धास्ती पडली. खरं सांगायचं तर मला धास्तीपेक्षा आशाच जास्त होती. पण छापलेलं होतं तेवढंच त्यांनी वाचलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. ग्रंथ मिटला आणि जागेवर येऊन बसले.

दफनभूमीतून परतताना मला राहवलं नाही. म्हणालो, "मालक, आज पदरचं काहीच घातलं नाहीत."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"एक शंका आलती की मनात," ते म्हणाले. "पन काढली असती, तर गप बसा म्हणणारं कोण हुतं, पावणं?"