कशावरून मिस्त्री

मिस्त्रींना सगळा रस्ता ‘कशावरून’ या नावाने ओळखायचा. तोंडावर ‘मिस्त्री’, पाठ वळली की ‘कशावरून’. कोणी म्हणालं आज उकडतंय, की हे विचारणार, “कशावरून?” एखादा ड्रायव्हर म्हणाला ब्रेक लागत नाहीत, तरी “कशावरून?” त्याने गुडघ्याचं बँडेज दाखवलं, तर तू जिन्यावरून पडला नसशील कशावरून, असा यांचा चेहरा. लग्न ठरताना, मुलगी शांत स्वभावाची आहे असं मुलीकडचे सांगत होते, तेव्हाही त्यांनी हा प्रश्न केला होता म्हणतात. त्याचं उत्तर बायकोने पुढे तीस वर्षं मोठ्या आवाजात दिलं. ती गेली आणि घर एकदम गप्प झालं.

हा संशय काही जन्माचा नव्हता. तरुणपणी एका मालकाच्या शब्दावर ते गाडीखाली शिरले होते. “हँडब्रेक ओढलाय,” मालक म्हणाला होता. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकत नव्हती. ग्लास धरताना ती दोन बोटं सरळ उभी राहायची, वर्गात हात वर केल्यासारखी.

त्यांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, पुढे शटर आणि त्याच्यापुढे सिमेंटचं अंगण. अंगण मिस्त्रींनी स्वतः घातलेलं. गाड्या धुतल्यावर पाणी शेडमध्ये न येता रस्त्याकडे निघून जावं म्हणून त्याला उतार दिलेला. शटरची किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात, आणि खिशाला सेफ्टी पिन.

लेक अकरा वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होती. चौतिशीची, बापासारखीच रुंद खांद्यांची आणि बापापेक्षा निम्मं बोलणारी. तिने आवळलेला प्रत्येक बोल्ट, ती जेवायला गेली की मिस्त्री पाना लावून पुन्हा बघायचे. तिला हे ठाऊक होतं. कधीकधी ती बोल्टशेजारी खडूने लिहून ठेवायची, ‘आवळलाय, बाबा.’ मिस्त्री ते वाचायचे, पुसायचे आणि तरीही पाना लावायचे.

त्या आठवड्यात तिच्या खिशात एक फॉर्म होता. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मुख्य मेकॅनिकची जागा निघाली होती. शनिवार शेवटचा दिवस. तिने सरळ सांगितलं होतं, “बाबा, किल्ली माझ्याकडे द्या आणि माझं काम तपासणं बंद करा. नाहीतर मी फॉर्म भरते.”

“सिस्टरच्या गाडीची गळती थांबव, मग बघू,” मिस्त्री म्हणाले होते.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्सबाई. फ्लॅट विकून त्यांनी एक डिझेल मोटरहोम घेतलं होतं. बावीस फूट लांब. आत पलंग, शेगडी, बेसिन, कपाटं. एवढी उंच गाडी शटरखालून जाईना, म्हणून ती अंगणातच उभी करायची. तोंड शेडकडे, शेपूट रस्त्याकडे.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा इंजिनवरच्या टॅपेट कव्हरमधून ऑइल झिरपत होतं. लेकीने कव्हरचं पॅकिंग बदललं, जुनं ऑइल काढलं आणि कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं नवं ओतलं.

“पुरेसं घातलंयस कशावरून?”

“मापाने घातलंय, बाबा.”

ती हात धुवायला गेली तशी मिस्त्रींनी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. पट्टीवर ऑइल खालच्या खुणेलासुद्धा पोचत नव्हतं. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पुस्तक वाचून गाड्या चालत असत्या तर वाचनालयाला चाकं लावली असती, असं पुटपुटत त्यांनी गुपचूप अर्धा लिटर ओतलं.

आठ दिवसांनी सिस्टर परत. गाडी हलवली की जागेवर काळे थेंब. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली, मधोमध.

“मागचं सील,” मिस्त्री म्हणाले. म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. शिवाय लेकीने पहिल्यांदा चुकीच्या जागी बोट ठेवलं होतं, हेही आलं.

“थेंब पडतोय तिथूनच गळतंय, कशावरून?” लेक म्हणाली. “वारा लागतो, ऑइल मागे पळतं. वरून कुठूनतरी ओघळत असणार.”

बापाचा प्रश्न बापालाच. मिस्त्रींना तो आवडला नाही. तिने वरचे सगळे सांधे पुसले, आवळले. दुपारी मिस्त्रींनी पुन्हा पट्टी पाहिली. पुन्हा खालच्या खुणेखाली. थेंब पडतायत म्हणजे कमी होणारच. या वेळी त्यांनी एक लिटर ओतलं. तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून सिस्टर म्हणाल्या, “मिस्त्री, तुमच्या अंगणात दुपारची डुलकी काही जमत नाही हो. सारखी पायाकडे घसरते मी.”

“गादी बदला,” मिस्त्री म्हणाले आणि रिकामा डबा पाठीमागे लपवला.

गुरुवारी गाडी तिसऱ्यांदा आली, आणि आता गळती आधीपेक्षा जास्त. मिस्त्री दिवसभर डोळ्यांत तेल घालून सगळ्यांकडे बघत राहिले. सिस्टर रस्त्यात दुसऱ्या कुणाला गाडी दाखवत असतील का? पॅकिंग बनावट असेल का? आणि लेक? फॉर्म भरायला निमित्त हवं म्हणून मुद्दाम हयगय करत नसेल कशावरून? हा शेवटचा विचार आला तेव्हा ते जरा दचकले. पण विचार आत येऊन बसला तो बसलाच.

शुक्रवारी सकाळी लेकीने इंजिन धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि सिस्टरकडे अंगाला लावायची पावडर मागितली. डब्यातली पावडर तिने वरपासून खालपर्यंत शिंपडली. काळं इंजिन पांढरंफेक झालं, प्रवेशासाठी रंगून बसलेल्या नटासारखं, आणि सगळ्या गॅरेजला गुलाबाचा वास सुटला.

“आता फिरवून आणू,” ती म्हणाली. “जिथे पावडर पहिली भिजेल, तिथला चोर.”

मिस्त्री शटरला कुलूप घालून, अवजारांची पेटी, माप आणि रिकामा डबा घेऊन मागच्या बाकावर बसले. पेटीशिवाय ते कुणाच्याच गाडीत बसत नसत. अर्धा तास हिंडून लेकीने गाडी खेळाच्या मैदानाशेजारी, मोकळ्या सपाट जागेत उभी केली.

तिघं वाकली. मागच्या सीलच्या वरची पावडर कोरडी. टॅपेट कव्हरचा काठ कोरडा. ओली रेघ निघत होती ती ब्रीदरच्या नळीच्या तोंडातून. इंजिनच्या आतली हवा बाहेर पडते ती नळी. तिथून ऑइलचा ओघळ मागे, खाली आणि थेट सांध्यापर्यंत.

“म्हणजे पेशंटला ओकाऱ्या होतायत,” सिस्टर म्हणाल्या.

“इंजिन आतून झिजलंय,” मिस्त्री म्हणाले. “नाहीतर पोट भरलंय,” लेक म्हणाली. “ऑइल प्रमाणाबाहेर असलं की आत फिरणारा क्रँक ते घुसळतो, दाब वाढतो, मग मिळेल तिकडून बाहेर.”

“जास्त? गाडी आली त्या दिवशी पट्टी—” मिस्त्रींनी जीभ चावली.

इंजिन थंड होईपर्यंत सिस्टरनी आत चहा टाकला. शेगडीच्या कडेला काचेची एक छोटी नळी चिकटवलेली होती. आत पाणी आणि हवेचा बुडबुडा. बुडबुडा बरोबर मध्ये थांबला होता.

“हे कशाला?” मिस्त्रींनी विचारलं.

“गाडी सपाट उभी आहे की नाही ते कळतं. चहा सांडत नाही, झोप लागते. तुमच्या अंगणात हा बुडबुडा टोकाला जाऊन बसतो.”

बाहेर लेकीने डिपस्टिक काढली. “बाबा, वरच्या खुणेच्या दोन बोटं वर.”

मिस्त्री कप हातात घेऊन तसेच उभे राहिले. दोन बोटं सरळ.

“मी हात लावलेला नाही हं,” सिस्टर म्हणाल्या. “आयुष्यभर थेंब मोजून औषधं दिलीत मी.”

लेक मिस्त्रींकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मीही पुस्तकाप्रमाणेच घातलं होतं. वाटेत एखाद्या पंपावर कोणी ओतलं असेल?”

पंपावरचा तो कुणीतरी फार सोयीचा होता. त्याला चेहरा नव्हता, तो येऊन भांडणार नव्हता. मिस्त्रींनी नुसती मान हलवली असती तर खापर त्याच्या डोक्यावर फुटलं असतं. त्यांनी बुडबुड्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण प्रत्येकाला कशावरून विचारलं, आणि गाडी उभी कशावर आहे ते एकदाही विचारलं नाही. चढावर तोंड करून उभ्या गाडीत ऑइल मागे सरकणार, पुढची पट्टी कोरडी राहणार. आणि तो चढ त्यांनीच थापीने गुळगुळीत केला होता.

“जास्तीचं काढून टाक,” ते म्हणाले. “दीड लिटर निघेल.”

लेकीने वर पाहिलं. “कशावरून?”

मैदानात कोणीतरी चेंडू मारला. मिस्त्रींनी कप पायरीवर ठेवला.

“मीच ओतलंय. आधी अर्धा, मग एक. तू हात धुवायला गेलीस तेव्हा. अंगणाच्या उतारावर पट्टी कमी दाखवत होती. मला वाटलं, तू...” पुढचं वाक्य त्यांना पाठ नव्हतं.

 ती गाडीखाली गेली, इंजिनच्या तळाशी ऑइलच्या चेंबरचा बोल्ट सैल केला, मापात ऑइल धरलं, दीड लिटरच्या रेघेला बोल्ट घट्ट केला. पट्टी पुसून घातली, काढली. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये. नळी पुसून, पावडर मारून मैदानाला आणखी चार चकरा मारल्या. पावडर कोरडी.

गाडी गॅरेजवर परत आली. अंगणात उतरल्यावर मिस्त्रींनी सदऱ्याच्या आत हात घातला. न वाकणाऱ्या बोटांनी पिन सुटायला वेळ लागला. किल्ली त्यांनी तिच्यासमोर धरली.

लेकीने ती उलटसुलट करून पाहिली. “खरीच आहे ना? की दुसऱ्या कशाची?”

“लावून बघ,” मिस्त्री म्हणाले.

आणि ती खरोखरच लावून बघायला गेली. मिस्त्री पाठमोरे उभे राहिले, कान देऊन. कुलूप उघडल्याचा खटका झाला. मग शटर वर जायला लागलं.